अनुभव नसलेल्यांतून कामाचा माणूस निवडायचा कसा? सोलापूरच्या छोट्या मालकांसाठी क्रमवार पद्धत

माणूस ठेवताना आपल्याकडे दोन चुका सारख्या होतात. पहिली म्हणजे दारावर 'तीन वर्षांचा अनुभव आवश्यक' असा कागद लावायचा, दोन महिने जागा रिकामी ठेवायची आणि शेवटी शेजारच्या युनिटमधला माणूस दोन हजार जादा देऊन फोडायचा. सहा महिन्यांनी तोच माणूस तिसरीकडे फुटतो. दुसरी चूक याच्या उलट. 'अनुभव नको, पोरगं चुणचुणीत पाहिजे' असं म्हणत चहा होईपर्यंत गप्पा मारायच्या आणि त्यावरच ठरवायचं. गप्पांमध्ये दिसतो तो बोलण्यातला सफाईदारपणा. टॉवेल चेकिंगला लागते नजर, तोंड नव्हे.

अंगच्या गुणाला अनुभवापेक्षा जास्त किंमत द्यावी, हे म्हणणं हिशेबाच्या दृष्टीनेही बरोबर आहे. आधीच्या नोकरीतला अनुभव आणि नव्या जागेवरची कामगिरी यांचा मेळ लावणाऱ्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा संबंध जवळजवळ नगण्य निघाला. 'दहा वर्षं काम केलंय' याचा अर्थ दहा वर्षं शिकत गेला असा असेलच असं नाही. मात्र अनुभवाची अट काढली की तिच्या जागी दुसरी चाळणी लागते. ती न लावल्यामुळेच बहुतेक मालक हात पोळून पुन्हा 'अनुभवीच बरा' वर येतात. ती चाळणी कशी लावायची आणि कोणत्या क्रमाने, ते पुढे दिलं आहे. क्रम बदलू नका. निम्मी गडबड मुलाखत आधी आणि काम नंतर पाहिल्यामुळे होते.

ही पद्धत कुठे वापरू नये

बॉयलरवर प्रमाणपत्रधारक अटेंडंटच लागतो. सायझिंग (सुताला खळ लावण्याच्या) किंवा रंगणीच्या कारखान्यात 'पोरगं हुशार आहे, शिकेल' म्हणून कुणालाही बॉयलरसमोर उभं करता येत नाही. मेडिकल दुकानातला फार्मासिस्ट, टेम्पोचा ड्रायव्हर, हाय व्होल्टेजचं काम करणारा वायरमन, या जागांवर कायद्याने मागितलेला कागद आधी बघा, गुण नंतर. वय १८ पूर्ण असल्याचा पुरावाही पहिल्याच दिवशी घ्या.

पायरी १ : जागेचं नाव सोडा, काम लिहून काढा

'चेकर पाहिजे', 'ऑफिसला मुलगी पाहिजे' यातून काम कळत नाही. सध्या त्या जागेवर जो चांगला माणूस आहे, त्याच्याजवळ एक पूर्ण दिवस वही घेऊन बसा. तो काय काय करतो ते क्रियापदांत लिहा : मोजतो, घडी घालतो, डाग शोधतो, बिल फाडतो, ट्रान्सपोर्टला फोन करतो. 'मेहनती', 'प्रामाणिक', 'जबाबदार' हे शब्द यादीत आले तर खोडा. ते कुणालाही लावता येतात आणि तपासता येत नाहीत.

मग प्रत्येक कामापुढे खूण करा. महिन्याभरात शिकवता येईल अशा कामापुढे 'शि'. येतानाच अंगात हवं, शिकवायला वर्ष जाईल, अशापुढे 'अं'. शाळेच्या गणवेशाच्या युनिटमधली यादी साधारण अशी होते : ओव्हरलॉक चालवणं 'शि', साइज-सेट ओळखणं 'शि', खिसा लावणं 'शि'. डोळा आणि हात यांचा मेळ 'अं'. सांगितलेलं लक्षात ठेवून तसंच करणं 'अं'. चुकलं की लपवण्याऐवजी दाखवणं, हेही 'अं'.

बहुतेक याद्यांत 'अं' तीन-चारच निघतात. निवडताना फक्त तेच तपासायचे आहेत. आपण मात्र नेमकं उलटं करतो. 'शि' आधीपासून येणारा माणूस शोधत बसतो आणि 'अं' कडे बघतच नाही.

तपासा : यादी तुमच्या सुपरवायझरला किंवा मास्तरला दाखवा. तो 'हे तर आठवड्यात येतं' म्हणाला आणि तुम्ही तिथे 'अं' लिहिलं असेल, तर त्याचं ऐका.

पायरी २ : जाहिरातीतून अनुभव खरोखर काढा

वर 'नवोदितांचे स्वागत' आणि खाली 'अनुभवी व्यक्तीस प्राधान्य' अशी जाहिरात असली की नवोदित येत नाहीत. खालची ओळ काढा. पगाराचा आकडा लिहा. 'योग्यतेनुसार' म्हटलं की गरजू आणि प्रामाणिक माणूस बिचकतो, घासाघीस करणारा मात्र येतो. काय करवून घेतलं जाईल तेही लिहा :

'टॉवेल चेकिंग-पॅकिंगसाठी माणसं हवी आहेत. अनुभवाची, शिक्षणाची अट नाही. अर्धा दिवस काम देऊन पाहिलं जाईल, त्याचे पैसे त्याच दिवशी मिळतील. मराठी, तेलुगू, कन्नड किंवा उर्दू यांपैकी कोणतीही भाषा चालेल. पगार महिना ... रुपये, सहा महिन्यांनी ... रुपये.'

भाषेची ओळ शोभेची नाही. पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. मराठीत अडखळणारी बाई कामात अडखळेल, असा निष्कर्ष आपण नकळत काढतो. काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलायचं असेल तर भाषा 'अं' मध्ये येते, घडी घालायची असेल तर येत नाही.

जाहिरात लावायची कुठे हेही महत्त्वाचं. एमआयडीसीच्या गेटवर लावली की तिथेच फिरणारी माणसं येतात, म्हणजे पुन्हा अनुभवीच. विजापूर रोडवरचं शासकीय आयटीआय, महाविद्यालयांचे सूचना फलक, विडी घरकुलातली किराणा दुकानं, बचत गटांच्या बैठका अशा ठिकाणी जा. वर्षानुवर्षं विड्या वळलेल्या बाईच्या बायोडेट्यात 'अनुभव' हा रकाना कोरा असतो. पण दर हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या कामात एकसारखा माल काढायची सवय त्या बोटांना लागलेली असते. ती कागदावर येत नाही, चाचणीत येते.

सावध : सगळी माणसं 'आपल्याच पोराचा मित्र' या वाटेने घेऊ नका. एकाच गल्लीतले आठ जण कामाला असले की एका लग्नाला आठ मशिनं बंद पडतात.

पायरी ३ : उमेदवार येण्याआधी चाचणी तयार ठेवा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि सगळ्यात जास्त वेळ हिलाच द्यायला हवा.

चाचणी म्हणजे तुमच्याच कामाचा एक छोटा तुकडा, दोन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत त्याला जसं जमेल तसं करू द्यायचं. मग शिकवायचं. मग दुसऱ्या फेरीत तेच काम वेगळ्या मालावर. बघायचं ते पहिली फेरी किती चांगली झाली हे नव्हे, तर शिकवल्यानंतर फरक किती पडला हे. अनुभवी माणूस पहिल्या फेरीत पुढे असतो, गुणी माणूस दुसऱ्या फेरीत झेप घेतो. ब्रिटनमध्ये शिलाई मशीनवर कामगार निवडताना ही शिकवून पाहण्याची पद्धत १९७० च्या दशकात चांगली रुळली होती, त्यामुळे गणवेशवाल्यांना ती परकी वाटू नये.

तीन नमुने देतो, आपापल्या धंद्याप्रमाणे बदला.

चेकिंगसाठी : ४० टॉवेलांचे दोन गठ्ठे करा. प्रत्येकात सहा दोष मुद्दाम ठेवा. ओढलेलं लूप, तेलाचा बारीक डाग, तुटलेला ताणा, वाकडी शिवलेली किनार, रंगाचा पट्टा, चुकीचं लेबल. दोष असलेल्या टॉवेलांचे क्रमांक तुमच्या वहीत हवेत. पहिला गठ्ठा न शिकवता द्या. मग सेकंड मालातले नमुने हातात देऊन प्रत्येक दोष दाखवा. मग दुसरा गठ्ठा.

शिलाईसाठी : मशीनमध्ये दोरा न ओवता कागदावर आखलेल्या सरळ, वळणाच्या आणि काटकोनाच्या रेघांवरून सुई चालवायला लावा. छिद्रं रेघेवर पडली की नाही ते कागदच सांगतो. नंतर कापडाच्या तुकड्यावर खिसा लावून दाखवा आणि लावायला सांगा. चांगल्या मालावर हा प्रयोग नको. उमेदवार घाबरतो आणि तुम्ही चिडता.

ऑफिसच्या बिलिंगसाठी : सोलापूरला राज्याची सीमा जवळ असल्याने एक फार छान परीक्षा तयार मिळते. लातूरच्या व्यापाऱ्याला ३० डझन टॉवेल, डझनाला ९६० रुपये. रक्कम २८,८००, पाच टक्के जीएसटी १,४४०, एकूण ३०,२४०. राज्यातल्या राज्यात असल्याने सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ७२० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ७२०. आता तोच माल कलबुर्गीच्या व्यापाऱ्याला. कर्नाटक असल्याने पूर्ण १,४४० आयजीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर). हे समजावून सांगा, जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात हेही दाखवा : महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. मग तिसरं बिल द्या, ज्यात गावाचं नावच नाही, फक्त ३६ ने सुरू होणारा क्रमांक आहे. '३६ म्हणजे आपलं राज्य नाही, मग आयजीएसटी' असं जो स्वतःहून म्हणतो, किंवा 'हे कुठलं राज्य?' असं विचारतो, तो कामाचा. ३६ तेलंगणाचा, हे पाठ असायची गरज नाही. बी.कॉम. झालेला आणि टॅलीचं सर्टिफिकेट असलेला मुलगा इथे गप्प बसून अंदाजाने सीजीएसटी लावताना दिसला, तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

गुण कसे द्यायचे तेही आधी लिहून ठेवा. शंभरपैकी वगैरे नको. तीनच पायऱ्या : जमलं, अर्धवट जमलं, नाही जमलं. प्रत्येक पायरी म्हणजे नेमकं काय, ते एका ओळीत. उदाहरणार्थ दुसऱ्या गठ्ठ्यात सहापैकी पाच किंवा सहा दोष सापडले तर 'जमलं', तीन-चार सापडले तर 'अर्धवट', त्याखाली 'नाही'. चांगला माल दोषी म्हणून बाजूला काढला तर तोही वेगळा मोजा. भीतीपोटी सगळंच बाजूला काढणारा चेकर तुमचा डिस्पॅच अडवतो.

तपासा : चाचणी आधी तुमच्याकडच्या दोन माणसांवर करून पाहा, एक उत्तम आणि एक मध्यम. दोघांना सारखेच गुण पडले तर चाचणी फार सोपी किंवा फार अवघड आहे. मध्यम माणूस उत्तम माणसापेक्षा पुढे गेला, तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजताय.

पायरी ४ : चाचणीचा दिवस

सकाळची वेळ ठेवा. एप्रिल-मेमध्ये दुपारी पत्र्याच्या शेडखाली घेतलेली चाचणी सोलापूरचा उन्हाळा मोजते, माणूस नाही.

आल्यावर पाणी द्या, दहा मिनिटं युनिट फिरवून दाखवा आणि काय होणार ते सगळ्यांना सारखंच सांगा. शिकवायचं काम मालकाने करू नये. मालक समोर असला की निम्मे उमेदवार 'हो शेठ, कळलं' एवढंच म्हणतात. जी व्यक्ती पुढे खरोखर शिकवणार आहे तिनेच शिकवावं, सगळ्यांना त्याच क्रमाने आणि शक्यतो उमेदवाराच्या भाषेत. एकाला तीनदा दाखवलं आणि दुसऱ्याला एकदाच, तर तुलना तिथेच संपली.

शिकवताना आणि दुसऱ्या फेरीत या गोष्टी टिपा. शिकवताना प्रश्न विचारला का? एकदा दाखवलेली चूक पुन्हा केली का? चुकल्यावर उसवून पुन्हा केलं, तसंच पुढे रेटलं की खाली दाबलं? हात संथ असला तर घाबरू नका. वेग तीन महिन्यांत येतो. मात्र तीच चूक तशीच तिसऱ्यांदा आली तर तिच्याकडे कानाडोळा करू नका.

सावध : चाचणीचे पैसे त्याच दिवशी हातात द्या, निवड होवो न होवो. चाचणीत तयार झालेला माल गिऱ्हाइकाला विकू नका. 'ट्रायल' म्हणून आठवडाभर फुकट राबवून घेणारी युनिटं ओळखीची आहेत. त्यांची नावं वस्तीत चहाच्या टपरीवर आधी पोचतात, मग तिथे जाहिरात कितीही चांगली लिहा, कुणी फिरकत नाही.

पायरी ५ : बोलणं, पण आता

काम पाहून झाल्यावरच बसून बोला. आधी बोललात तर आवडलेल्या माणसाच्या वाकड्या शिवणीतही तुम्हाला सरळपणा दिसायला लागतो.

सगळ्यांना तेच चार-पाच प्रश्न, त्याच क्रमाने. निवडीच्या पद्धतींवरच्या संशोधनाचा २०२२ साली मोठा फेरआढावा झाला. त्यात अशी बांधीव मुलाखत पहिल्या क्रमांकावर आली. मोकळ्याढाकळ्या गप्पा तिच्या बऱ्याच मागे आहेत. प्रश्न घडलेल्या गोष्टींचे असावेत, 'तुम्ही काय कराल' असे नकोत. नोकरीचा अनुभव नसलेल्याकडेही घडलेल्या गोष्टी भरपूर असतात. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेत स्टॉल लावला होता का, संध्याकाळी पैसे कमी भरले तेव्हा काय केलं? मंडळाची वर्गणी कोण लिहीत होतं, हिशेब जुळला नाही तर? घरी कुणाचं आजारपण झालं तेव्हा दवाखान्याचं कोण बघत होतं? उत्तर गुळगुळीत आलं तर 'मग पुढे?' एवढंच विचारा. खरं घडलेलं असेल तर पुढे तपशील येतो.

विचारू नये असंही थोडं आहे. लग्न कधी करणार, मूल कधी, जात कोणती, कुठल्या पक्षाचे. याचा कामाशी संबंध नाही, आणि लग्नाच्या प्रश्नामुळे चांगल्या मुली त्याच क्षणी मनातून उठून जातात. 'शिफ्ट सकाळी सातला सुरू होते, पोचायला अडचण आहे का?' हा प्रश्न मात्र रास्त, आणि तो पुरुषांनाही विचारा.

पायरी ६ : ठरवणं

शिकवणाऱ्याने, सुपरवायझरने आणि मालकाने आपापले गुण वेगवेगळ्या कागदावर आधी लिहावेत, मग एकत्र बसावं. मालक आधी बोलला की बाकीचे दोन कागद आपोआप बदलतात.

दुसऱ्या फेरीच्या गुणांना सगळ्यात जास्त वजन, मग मुलाखतीला. अनुभवी उमेदवार आला तर त्यालाही हीच चाचणी. त्याने नकार दिला तर नम्रपणे चहा पाजून निरोप द्या. खरा कारागीर मशीन बघितल्यावर बसल्याशिवाय राहत नाही. चाचणीत तो सरस ठरला तर त्यालाच घ्या, अनुभव असणं हा काही गुन्हा नाही. फक्त त्याचं वर्षांचं भांडवल मोजू नका, हातात काय आहे ते मोजा.

पायरी ७ : पगार आणि कागद

इथे अनेकांचा खरा हेतू उघडा पडतो. अनुभव नसलेला म्हणजे स्वस्तातला, एवढंच डोक्यात असेल तर ही सगळी खटपट करू नका. निवडून, शिकवून तयार केलेला माणूस कमी पगारावर ठेवलात तर तो वर्षाच्या आत पुण्याच्या गाडीत बसतो आणि तुमच्या शिकवण्याचा फायदा पुण्याचा मालक घेतो.

नेमणूकपत्र पहिल्याच दिवशी द्या. त्यात पहिल्या सहा महिन्यांचा पगार, नंतरचा पगार आणि तो वाढण्यासाठी काय जमायला हवं, तिन्ही गोष्टी लिहा. नुसतं 'ट्रेनी' नाव दिल्याने किमान वेतनातून सुटका होत नाही. शिकाऊ म्हणून विद्यावेतनावर ठेवायचं असेल तर शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खाली रीतसर करार नोंदवावा लागतो. तिथे राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिना कमाल १,५०० रुपये, उचलतं. चार ते एकोणतीस माणसांच्या आस्थापनेला शिकाऊ घेणं ऐच्छिक आहे, तीस आणि त्यावर असतील तर बंधनकारक. राज्याची २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही आहे, तिचं काम महास्वयं पोर्टलवरून चालतं. त्या वेळी नोंदणी चालू आहे का ते आधी पाहा. योजनेचे पैसे मिळतात म्हणून मात्र माणूस घेऊ नका. योजना संपते, माणूस तिथेच असतो.

पीएफ वीस आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) दहा माणसांपासून लागू होतं. नवा माणूस घेताना तुम्ही ती रेघ ओलांडताय का, ते सीएला विचारा.

पायरी ८ : पहिले नव्वद दिवस

चांगली निवड इथे वाया जाते. 'बघून बघून शिकेल' हे शिकवणं नव्हे.

एका नव्या माणसाला एकच शिकवणारा द्या, नाव ठरवून. आता अडचणीचा भाग. नगावर मजुरी असलेल्या युनिटमध्ये शिकवणाऱ्याची मशीन तेवढा वेळ थांबते, म्हणजे त्याच्या खिशातून पैसे जातात. मग तो का शिकवेल? उलट नवा पोरगा तयार झाला तर आपलीच गरज कमी, अशीही धास्ती त्याला असते. म्हणून शिकवण्याच्या तासांची त्याच्या सरासरी कमाईप्रमाणे भरपाई द्या आणि नवा माणूस नव्वद दिवसांनी ठरलेल्या कामाला पोचला तर शिकवणाऱ्याला ठरावीक रक्कम द्या. हा खर्च टाळणाऱ्यांची माणसं टिकत नाहीत, आणि दोष मात्र 'आजकालच्या पोरांना' मिळतो.

पहिला महिना फक्त बिनचूकपणा मोजा. नग दुसऱ्या महिन्यापासून. शिकत्या माणसाला पहिल्याच आठवड्यात पीसवर टाकलं की तो वेगासाठी वाकडं शिवायला शिकतो आणि ती सवय मग वर्षभर निघत नाही. दर शनिवारी दहा मिनिटं : या आठवड्यात काय आलं, काय अडलं, पुढच्या आठवड्यात काय. शिकवणाऱ्याने दोन ओळी वहीत लिहाव्यात.

तपासा : सहाव्या आठवड्याला तीच जुनी चाचणी नव्या गठ्ठ्यावर घ्या. काहीच फरक नसेल तर आधी शिकवणारा बदलून चार आठवडे पाहा. तरीही हललं नाही तर त्याला स्पष्ट सांगा, दुसऱ्या खात्यात जमतंय का ते बघा, नाहीतर हिशेब पूर्ण करून मोकळं करा. कामाला न जमणाऱ्या माणसाला दयेने वर्षभर ठेवलं, तर त्याचं एक वर्ष जातं आणि तुमचंही.

वेळापत्रकाबद्दल एक सूचना

गणवेशवाल्यांनी हे सगळं मार्चमध्ये सुरू करू नये. जूनमधल्या शाळांसाठीची गर्दी तोवर डोक्यावर आलेली असते, शिकवायला कुणाला उसंत नसते आणि मग पुन्हा शेजारचा माणूस फोडणं आलं. दिवाळीनंतर चाचण्या घ्या, म्हणजे नव्वद दिवस फेब्रुवारीपर्यंत पुरे होतात.

चाचणीचे कागद फेकू नका. सहा महिन्यांनी जुने गुण आणि आजचं काम शेजारी ठेवून बघा. चाचणीत 'अर्धवट' असलेली बाई आज तुमची उत्तम चेकर असेल, तर चाचणीत काय निसटलं ते शोधा आणि पुढच्या वेळी गठ्ठा बदला. थोडक्यात हुकलेल्या उमेदवारांची यादीही वेगळी ठेवा, फोन नंबर आणि दुसऱ्या फेरीच्या गुणांसह. हंगामात माणूस कमी पडला की पहिला फोन त्या यादीतल्यांना करा.